पेलाजी मावशीचा खांदा

पॅरिसमधल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आणि चौथी पेलाजी मावशी. मावशी लाकडाची होती. माणसाएवढी उंच, सांध्यासांध्यांत लोखंडी खिळे, डोक्याच्या जागी नाकडोळे नसलेला गोळा. चित्रकाराच्या घरात असं एक लाकडी माणूस असतंच. जिवंत माणूस तासाभरात कुरकुरतं, खोकतं, त्याला भूक लागते. मावशीच्या अंगावर एकदा ओली चादर टाकली की तिच्या चुण्या तीन आठवडे तशाच राहतात.

माझ्या नवऱ्याने, आंसेल्मने, तिला एका मेलेल्या चित्रकाराच्या सामानातून उचलली, आमच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. खांद्यावर टाकून चार जिने चढवली. "बिचारी सिदोनी," त्याचा मित्र गास्पार म्हणाला होता, "सवत तिच्याआधीच घरात येऊन बसली."

गास्पार लढाया रंगवतो. घोडे, धूर आणि पुन्हा घोडे. आंसेल्मचं मन मात्र पंधराव्या वर्षापासून जुन्या ग्रीक नाटकांत अडकलेलं. ग्रीक शिकायचं म्हणून एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या घरची लाकडं त्याने दोन हिवाळे फोडून दिली होती. त्या वर्षीचं चित्र दहा फूट उंच होतं आणि तेही अशाच एका नाटकातलं. शहर जळून गेलंय, पुरुष मारले गेलेत, बायका जिंकणाऱ्यांच्या जहाजांवर वाटून टाकायच्या आहेत. आणि तेवढ्यात हुकूम येतो, राजघराण्याचं शेवटचं तान्हं पोरही जगता कामा नये. शिपाई ते पोर आईकडून घ्यायला येतो. हे नाटक आंसेल्मने मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ओदिल माझ्या पोटात होती. मी त्याला मध्येच थांबवलं. उठून खिडकी उघडली, थोडा वेळ समोरच्या छपरावरची मांजर बघत उभी राहिले, मग म्हटलं, हं, वाच पुढे.

रंग मी घोटले. माझ्या बाबांचं नदीकाठी रंगांचं दुकान आहे, मी त्या घोटायच्या दगडावरच वाढले. पाळण्याला एक पाय लावून हलवायचं आणि दोन्ही हातांनी घोटायचं, हे मला पहिल्याच महिन्यात जमलं. ओदिलला अंगाईपेक्षा त्या घरघरीनेच लवकर झोप लागायची.

उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या राजवाड्यात दर दोन-तीन वर्षांनी भरतं तसं मोठं प्रदर्शन भरलं. भिंती जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या, मध्ये बोटभर जागा नाही. नजरेसमोरच्या ओळीत जागा मिळाली तर नशीब. आमचं चित्र अगदी वर, छताच्या नक्षीला टेकलेलं होतं. बघायला गेलं की मान मोडायची, आणि खिडकीचा उजेड त्याच्या निम्म्या भागावर नुसता चकाकायचा.

तरी एका वर्तमानपत्राला ते दिसलं. त्याने दोन ओळी लिहिल्या: "छताजवळ एक ग्रीक बाई हात उंच करून भाड्याची बग्गी थांबवते आहे. बग्गी मिळाली की नाही, हे खालून कळत नाही."

त्या दिवसापासून आंसेल्म भेटला की लोक विचारायला लागले, "काय, मिळाली का?" गास्पारने त्याहून वाईट केलं. चित्राखाली उभा राहून नाक वर करून हुंगलं. "लाकडाचा वास येतोय बुवा." आमच्यात ही सगळ्यात झोंबणारी शिवी. म्हणजे, तू माणूस रंगवला नाहीस, पुतळा रंगवलास.

आंसेल्म भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने ग्रीक पुस्तकं एका खोक्यात भरली आणि खोकं खाटेखाली सरकवलं.

"रेमीचं पत्र आलंय," तो म्हणाला. रेमी त्याचा थोरला भाऊ, लियोंला रेशमाच्या कारखान्यात. "कापडावरची फुलं काढायला माणूस हवाय. नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणापर्यंत कळव म्हणतोय."

"आणि तू काय कळवणार?"

"चित्र वरच राहिलं तर येतो म्हणून. फुलंही चांगली असतात, सिदोनी."

"चांगलीच असतात."

"मग अशी काय बघतेस?"

"मी कुठे बघतेय. तुझ्या बाहीला सूप लागलंय, ते बघतेय."

फुलांशी माझं काही वैर नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ते नाटक भिंतीवर उभं करायचं म्हणून लाकडं फोडली, तो जन्मभर गुलाबाच्या पाकळ्या मोजणार, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याशी फार चांगलं वागणार. मला त्या चांगल्या वागण्याचीच भीती वाटत होती.

एक संधी उरली होती. दर प्रदर्शनाच्या मध्यावर चार दिवस दारं बंद ठेवतात आणि चित्रं हलवतात. वरची काही खाली येतात, खालची वर जातात. त्या चार दिवसांत चित्रकारांना रंग घेऊन आत जाता येतं, हवं तर चित्रावरून शेवटचा हात फिरवता येतो. आंसेल्म म्हणाला, तो जाणार नाही. "बग्गी खालून बघितली काय आणि समोरून बघितली काय."

दारं बंद व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाबांच्या दुकानात निघाले होते. ओदिलला तेवढा वेळ खालच्या मजल्यावरची परटीण, मादाम ग्रोबुआ, सांभाळते. रोजचंच. जिन्याच्या तोंडाशी मी ओदिलला तिच्या हातात दिलं. दिलं म्हणजे काय, मादामने तिला कडेवर घेतलंसुद्धा, आणि माझा हात आपला तिथेच. नाक पुसलं. मोजा वर ओढला. बुटाची नाडी सुटली होती ती बांधली.

"अगं, जा आता," मादाम ग्रोबुआ म्हणाली. "जहाजावर पाठवतेयस का पोरीला?"

मी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. परत दोन पायऱ्या चढले, ओदिलला मादामच्या हातातून काढून घेतलं, आणि जिना चढून घरी वर आले. मागून मादाम म्हणत होती, "घ्या. आता काय विसरली?"

आंसेल्म टेबलाशी बसून रेमीला दाखवायला म्हणून एक ट्यूलिप काढत होता. चांगलं होतं. मी म्हटलं, "आंसेल्म, तो हात वर का आहे?"

"कुठला हात?"

"तुझ्या चित्रातल्या आईचा. उजवा."

"ती देवांकडे दाद मागतेय."

"नाटकात मागते?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "नाटकात... नाटकात ती पोराशी बोलते. बराच वेळ."

"आणि देवांशी?"

"फारसं नाही. पण शोकाचा हात वरच जातो, सिदोनी. आम्हाला शिकवतात तसं. सगळ्यांच्या चित्रांत—"

"तुझ्या तर सगळ्याच चित्रांत. मागच्या वर्षीचा सेनापती, उजवा हात वर. त्याच्याआधी तो आंधळा ज्योतिषी, उजवा हात वर. हा हात काढलास तेव्हा तुझ्यासमोर कोण उभं होतं?"

"मावशी."

"मावशीचा हात खाली कर बरं जरा."

पेलाजी मावशी कोपऱ्यात उभी होती. तिच्या वर गेलेल्या हातावर ओदिलची दुपटी वाळत होती. आंसेल्मने दुपटी काढली, मनगट धरलं, खाली ओढलं. हात हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळला. मावशी मुळापासून हलली, पण हात काही खाली येईना.

"खांदा गंजलाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

तो तसाच तिचं मनगट धरून उभा. "आणली तेव्हापासून."

मग तो जमिनीवर बसला आणि हसायला लागला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. इतका हसला की ओदिलही हसायला लागली, आणि खालून मादाम ग्रोबुआने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. "तीन वर्षं," तो डोळे पुसत म्हणाला, "तीन वर्षं माझी सगळी माणसं देवांकडे दाद मागतायत, कारण एका लाकडाच्या खांद्याला तेल नाही." आणि मग त्याचं हसू थांबलं. "पण मग तो हात जाईल कुठे?"

मी ओदिलला त्याच्या कडेवर दिलं. "धर. तू शिपाई आहेस. तू हिला माझ्याकडून घेतलीस. आता बघ."

मी मुद्दाम काही केलं नाही, शोकाचं नाटकही केलं नाही. हात आपणहून गेला. नाडी सुटली होतीच, जिन्यावरची गाठ पुन्हा सैल झाली होती. मी ती बांधायला लागले.

आंसेल्म हळू आवाजात म्हणाला, "तासाभरात मरणार आहे ते पोर."

"हो."

"आणि ती त्याच्या चपलेचा बंद बांधतेय."

"सुटला असेल तर बांधणारच की. पडेल ना ते."

ओदिलला घट्ट धरून उभा राहिला. मग एका हाताने खाटेखालचं खोकं बाहेर ओढायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं राजवाड्याच्या मागच्या दाराशी होतो. माझ्या टोपलीत रंगाच्या कातडी पिशव्या, बाबांनी शिशाची भुकटी घालून उकळलेलं जवसाचं तेल आणि दोन उकडलेली अंडी. ते तेल घातलं की रंग लवकर सुकतो. दारावर बार्नाबे नावाचा पहारेकरी होता, म्हातारा, बादशहाच्या फौजेतून स्पेनपर्यंत लढून आलेला शिपाई, एक कान अर्धाच.

"लेकरांना मनाई आहे," तो म्हणाला.

"हे लेकरू नाही," मी म्हटलं. "राजपुत्र आहे."

त्याने ओदिलला नीट न्याहाळलं. "राजपुत्र झगा घालतो?"

"ग्रीक आहे."

तो बाजूला झाला. "ग्रीक असेल तर असो बापडा. पण ओला झाला तर मला सांगू नका."

आत चित्रं भिंतींना टेकून जमिनीवर उभी होती. शिड्या, हातोडे, वार्निशचा वास. आमचं चित्र उतरवून एका खांबाशी ठेवलं होतं. इतक्या जवळून, चांगल्या उजेडात, ते मी घरातसुद्धा पाहिलं नव्हतं. आईचा चेहरा चांगला होता. फार चांगला होता. तो चेहरा खाली झुकलेला, पोराकडे बघणारा. एवढा हातच कुणा दुसऱ्याचा होता.

आंसेल्मने आधी तो उचललेला हात खरवडून टाकला. तिथे धुराचं आभाळ रंगवलं. बाकीचे चित्रकार धुरासाठी डांबरी काळा वापरतात. दिसतो मखमलीसारखा, पण वर्षानुवर्षं सुकत नाही आणि वर काही रंगवलं की गळतो. बाबांच्या दुकानात तो ठेवतच नाहीत. आमचं आधीचं आभाळ साध्या तपकिरी मातीचं होतं, हाडासारखं कोरडं. त्यावर आज हवं ते रंगवता येत होतं. बाबांचा तो हट्टीपणा मला लहानपणी फार जाचायचा.

मग अडलं. आई मी होते, पोर ओदिल होती; पण ओदिलला धरायला शिपाई हवा आणि आंसेल्मचे हात रंगवण्यात. गास्पार पलीकडे स्वतःच्या घोड्यांना वार्निश लावत होता. त्याला हाक मारली तर म्हणाला, "मला बघून पोरं रडतात." ओदिलने त्याच्याकडे पाहिलं आणि खरंच भोकाड पसरलं.

"द्या इकडे," बार्नाबे म्हणाला. तो कधी मागे येऊन उभा राहिला होता कळलंच नाही.

त्याने ओदिलला डाव्या हातावर घेतलं, ताठ, पावाची मोठी लादी धरावी तशी. ती गप्प झाली आणि त्याचा अर्धा कान चाचपायला लागली. मी खाली वाकले, बुटाची नाडी सोडली, बांधायला लागले. आंसेल्मचा कुंचला चालायला लागला.

मग बार्नाबेने चित्राकडे बघून विचारलं, "हा शिपाई पोराला नेऊन काय करतो?"

आंसेल्मने सांगितलं.

बार्नाबे म्हणाला, "स्पेनमध्ये..." त्याने मान फिरवली, खिडकीकडे, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. पोर हातात, हात तसाच ताठ, आणि तोंड दुसरीकडे.

"हलू नका," आंसेल्म म्हणाला. इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

चित्रातला शिपाई तोपर्यंत छाती काढून सरळ समोर बघत होता, लढाईच्या चित्रांत असतात तसा. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी आंसेल्मने त्याची मान फिरवली. आता तो आईकडे बघू शकत नव्हता. तीन दिवस बार्नाबेने ओदिलला धरलं, मध्ये मध्ये तिला अंडं भरवलं, आणि एकदा ती खरंच ओली झाली तेव्हा म्हणाला, "चालतं. यापेक्षा वाईट अंगावर घेतलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी टांगणी ठरवणारे गृहस्थ आले. काळा कोट, हातात यादी, मागे शिडीवाले. ते चित्रांवरून नुसती नजर टाकत, बोट दाखवत पुढे जात होते: हे वर, ते खाली, ते तिकडे कोपऱ्यात. आमच्यापाशी आले, बोट वर केलं, आणि बोट तसंच राहिलं.

ते वाकून बघायला लागले. आईच्या हाताकडे. बोटं चपलेच्या बंदावर, गाठ अर्धी बांधलेली, पोराच्या मांडीत दुसऱ्या हाताची बोटं थोडी रुतलेली. पोर मात्र शिपायाच्या कानाकडे हात नेत होतं, त्याला सगळी गंमत वाटत होती. हे ओदिलने स्वतःच चित्रात घुसवलं होतं.

"ही गाठ आधी नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, महाशय," आंसेल्म म्हणाला.

"आधी इथे काय होतं?"

"बग्गी," गास्पार मागून म्हणाला.

ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "ऐतिहासिक चित्रात बुटाची नाडी," ते स्वतःशीच पुटपुटले. "मी चाळीस वर्षं ही नाटकं वाचतोय." मग यादीवर काहीतरी खोडलं आणि शिडीवाल्यांना म्हणाले, "हे खाली. मोठ्या दालनात, दारासमोर. जरा सांभाळून, रंग ओला आहे."

ते गेल्यावर गास्पार पुढे आला. त्याने नाक चित्राच्या अगदी जवळ नेलं आणि हुंगलं. आम्ही वाट पाहत होतो. त्याने पुन्हा हुंगलं.

"नाही येत," तो म्हणाला. "कसलाच वास येत नाही. म्हणजे, बाळाचा येतोय."

"तो ओदिलचा," मी म्हटलं.

रविवारी दारं उघडली. रविवारी सगळं पॅरिस आत येतं: मासळीवाल्या, सुतार, चौकातल्या भाजलेल्या चेस्टनटचे पुडे खिशात घेऊन पोरं, शिपाई, नन्स. आम्ही खांबाच्या आड उभे होतो. मोठ्या दालनाच्या दारातून लोक एकमेकांना ढकलत, मोठमोठ्याने बोलत आत येत होते आणि चित्रासमोर येऊन थांबत होते. मागचे विचारायचे, काय झालं, पुढे चला की. पुढचे चालत नव्हते.

मासळीबाजारातली एक दणकट बाई, बाह्या वर केलेली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं हे," ती सोबतिणीला म्हणाली, "ती काय करतेय?"

"चप्पल बांधतेय पोराची."

"आणि हे त्याला नेतायत."

"हो."

त्या बाईने मग जे केलं ते मी विसरणार नाही. तिच्या पायाशी चारेक वर्षांचा मुलगा होता, नाक वाहणारा, एक बूट उलटा घातलेला. ती चित्राकडे पाठ करून गुडघ्यावर बसली, त्याचा बूट काढला, नीट पायात घातला, नाडी बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. मुलगा म्हणाला, "आई, दुखतंय." ती म्हणाली, "दुखू दे," आणि त्याला उचलून घेतलं.

दाराशी बार्नाबे उभा होता, कोटाची बटणं घासून चकचकीत केलेली. जो येईल त्याला सांगत होता, "तो शिपाई बघितलात? कान पूर्ण दिसतोय, पण मीच आहे तो."

त्या वर्तमानपत्राने पुन्हा लिहिलं, या वेळी दोन ओळी नाही, अर्धं पान. बग्गीचा उल्लेख नव्हता. त्यात म्हटलं होतं की या चित्रकाराने ग्रीकांना संगमरवरातून बाहेर काढलं. प्रदर्शनाच्या पदकांच्या यादीत आंसेल्मचं नाव दुसरं होतं. तो नाव वाचून घरी आला तेव्हा नुसता दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि मला कळलं. मादाम ग्रोबुआला मात्र जिन्यातूनच कळवलं असणार, कारण खालून झाडूचा दांडा छतावर वाजत होता, आणि या वेळी तालात.

सर्व संतांच्या सणाच्या सकाळी त्याने रेमीला पत्र लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. "दादा, तुझ्या फुलांना माझ्याहून चांगला हात मिळू दे. मला इथे काम आहे. सोबत वहिनीसाठी एक ट्यूलिप पाठवतोय."

मग त्याने दिव्याचं तेल, रात्रभर मुरू दिलं होतं तरी, मावशीच्या खांद्यात पुन्हा ओतलं, आणि सुताराचा हातोडा कपड्यात गुंडाळून एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला कड्‌ असा आवाज झाला आणि पेलाजी मावशीचा हात तीन वर्षांनी खाली आला, दुपट्यासकट.

ओदिलने टाळ्या वाजवल्या. मी मावशीकडे पाहिलं. हात सोडलेली ती पहिल्यांदाच दमलेल्या बाईसारखी दिसत होती, दिवसभर पोर सांभाळून आत्ता कुठे भिंतीला टेकलेली.

"आता हिला बसवूया का जरा?" मी विचारलं.

आंसेल्मने खुर्ची ओढली, मावशीला बसवलं, आणि खोक्यातून दुसरं नाटक काढलं.